चिंचवड–देहू–चाकण–आळंदी सायकलमार्ग

चिंचवड–देहू–चाकण–आळंदी सायकलमार्ग हा पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातून जाणारा वर्तुळाकार मार्ग आहे. चिंचवडगावातून निघून निगडी, देहूरोड, देहू, भंडारा डोंगर, सुदुंबरे, चाकण आणि आळंदी या ठिकाणांवरून तो पुन्हा चिंचवडगावात येतो. त्याची एकूण लांबी सुमारे ६५ किलोमीटर आहे. हा स्वतंत्रपणे बांधलेला सायकलपथ नसून सार्वजनिक रस्त्यांनी जुळणारी फेरी आहे. गाणपत्य व वारकरी संप्रदाय, शिवकाल, स्वातंत्र्यलढा आणि बौद्ध धम्मचळवळ यांच्याशी निगडित स्थळे या मार्गावर एका दिवसात पाहता येतात. ही स्थळे आज कारखाने, गोदामे व नव्या वसाहतींच्या मधोमध आहेत.

## भूगोल

मार्गाचा दक्षिणेकडील भाग पवना नदीच्या, तर उरलेला बहुतांश भाग इंद्रायणी नदीच्या खोऱ्यात येतो. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते व तुळापूर येथे भीमा नदीला मिळते. ही फेरी करताना इंद्रायणी दोनदा ओलांडावी लागते, प्रथम देहूजवळ व नंतर आळंदी येथे. प्रदेश साधारणपणे सपाट असून चढ सौम्य आहेत. भंडारा डोंगराचा घाटरस्ता हा एकमेव मोठा चढ आहे आणि तो ऐच्छिक आहे.

## मार्गावरील स्थळे

### चिंचवड

पवनेच्या काठी मोरया गोसावी यांचे समाधिमंदिर आहे. मोरया गोसावी हे गाणपत्य संप्रदायातील थोर सत्पुरुष असून त्यांनी येथे संजीवन समाधी घेतली, अशी श्रद्धा आहे. जवळच देव घराण्याचा मंगलमूर्ती वाडा आहे. भाद्रपद व माघ महिन्यांत येथून मंगलमूर्तींची पालखी मोरगावला जाते.

चिंचवडगावातच चापेकर बंधूंचा वाडा आहे. पुण्यातील प्लेगच्या साथीत केलेल्या जाचक उपाययोजनांमुळे लोकक्षोभ उसळला होता. प्लेग अधिकारी वॉल्टर रँड याच्यावर २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड येथे गोळ्या झाडण्यात आल्या. या प्रकरणात दामोदर चापेकर यांना १८९८ मध्ये, तर वासुदेव व बाळकृष्ण चापेकर यांना १८९९ मध्ये फाशी देण्यात आली. वाड्याचे आता स्मारकात रूपांतर झाले आहे.

### निगडी व देहूरोड

निगडी येथील भक्ती-शक्ती समूहशिल्पात छत्रपती शिवाजी महाराज व संत तुकाराम यांची भेट दाखविली आहे. शेजारच्या १०७ मीटर उंच ध्वजस्तंभामुळे हे ठिकाण दुरूनही ओळखू येते. पुढील देहूरोड हा लष्करी छावणीचा भाग आहे. येथील बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. नागपूर येथील धम्मदीक्षा त्यानंतर दोन वर्षांनी, १९५६ मध्ये झाली. त्यामुळे हे स्थान 'धम्मभूमी' म्हणून ओळखले जाते व २५ डिसेंबरला येथे मोठा जनसमुदाय जमतो.

### देहू

देहू हे संत तुकारामांचे जन्मगाव होय. तुकारामांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या, तेव्हा त्यांनी नदीकाठी तेरा दिवस उपोषण केले व अखेर वह्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरागत कथा आहे. त्यांनी ज्या शिळेवर उपोषण केले असे मानले जाते, ती शिळा मंदिरात आहे. नदीकाठच्या गाथा मंदिराच्या भिंतींवर त्यांचे अभंग कोरलेले आहेत. तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळ्यास प्रारंभ केला. तो आजही ज्येष्ठ वद्य सप्तमीस येथून पंढरपूरकडे प्रस्थान करतो.

### भंडारा डोंगर व सुदुंबरे

देहूच्या वायव्येस असलेल्या भंडारा डोंगरावर तुकाराम चिंतनासाठी जात असत. डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत, म्हणजे तुकारामांच्या कित्येक शतके आधीपासून हे स्थान साधनेसाठी वापरात होते. माघ शुद्ध दशमीस येथे मोठा उत्सव भरतो. ऐतिहासिक गढीसाठी आणखी काही किलोमीटर जाण्याची तयारी असल्यास तळेगावच्या दिशेला इंदुरी येथे सेनापती दाभाडे घराण्याचा भुईकोट पाहता येतो.

डोंगराच्या पूर्वेस सुदुंबरे गावात संत संताजी जगनाडे महाराज यांची समाधी आहे. ते चाकणचे, व्यवसायाने तेली आणि तुकारामांचे निकटचे अनुयायी होते. तुकारामांचे अभंग लिहून जतन करण्याचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते.

### चाकण

चाकणचा भुईकोट संग्रामदुर्ग या नावाने ओळखला जातो. १६६० मध्ये मोगल सुभेदार शाएस्तेखान याने मोठ्या सैन्यासह त्यास वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी भर पावसाळ्यात सुमारे दोन महिने किल्ला लढविला. अखेर मोगलांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडविला व ऑगस्टमध्ये किल्ला घेतला. डोंगराचा वा कड्याचा कोणताही आधार नसलेल्या या लहान कोटाने एवढा काळ तग धरल्यामुळे मराठ्यांच्या इतिहासात या लढ्याला विशेष स्थान आहे. आज तटबंदी, बुरूज व खंदक यांचे अवशेष दाट वस्तीत उरले आहेत. गावाबाहेर चक्रेश्वराचे जुने मंदिर आहे. चाकणची बाजारपेठ कांदा व बटाटा यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे.

### आळंदी

संत ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये (शके १२१८) येथे संजीवन समाधी घेतली. समाधिमंदिराच्या आवारातील अजानवृक्ष व सिद्धेश्वराचे स्थान आणि गावातील, चांगदेवांच्या कथेशी जोडलेली भिंत ही भाविकांची प्रमुख दर्शनस्थळे आहेत. ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला सध्याचे स्वरूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. येथून मार्ग मोशीवरून चिंचवडकडे परततो.

## औद्योगिकीकरण व स्थळांवरील परिणाम

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. त्यानंतरच्या दशकांत पिंपरी, आकुर्डी व भोसरी परिसरात वाहन व अभियांत्रिकी उद्योग वाढले. त्या काळी कामगारांचे कारखान्यात जाण्याचे प्रमुख साधन सायकल हेच होते. पुढे दुचाकी व कंपनीच्या बस यांनी तिची जागा घेतली. १९९० च्या दशकानंतर उद्योगांचा विस्तार चाकणकडे झाला. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे वाहननिर्मिती प्रकल्प या भागात आहेत.

या विस्तारामुळे तीर्थक्षेत्रे व उद्योग यांच्यात संघर्षाचे प्रसंगही आले. चाकणच्या पश्चिमेकडील भामचंद्र डोंगर हेही तुकारामांच्या साधनेचे स्थान मानले जाते. त्याच परिसरात शिंदे-वासुली येथे डाऊ केमिकल कंपनीचे संशोधन केंद्र प्रस्तावित होते. इंद्रायणी व परिसराच्या प्रदूषणाच्या भीतीने ग्रामस्थ आणि वारकऱ्यांनी २००८ मध्ये त्याविरुद्ध आंदोलन केले व प्रकल्प तेथे पूर्ण होऊ शकला नाही. इंद्रायणीत मिसळणारे सांडपाणी मात्र अजूनही गंभीर प्रश्न आहे. आळंदी येथे नदीच्या पात्रावर अनेकदा पांढरा फेस साचलेला दिसतो.

## रस्ते व सुरक्षितता

चिंचवड ते देहूरोड हा टप्पा जुन्या मुंबई–पुणे महामार्गाने जातो. पिंपरी-चिंचवड हद्दीत त्याला सेवारस्ता असल्याने तेथे सायकल चालविणे तुलनेने सोयीचे आहे. देहू परिसरातील रस्ते अधिक शांत आहेत. तळेगाव–चाकण रस्त्यावर कंटेनर व मालमोटारींची वर्दळ मोठी असते, तर चाकण चौकात पुणे–नाशिक महामार्ग त्याला छेदत असल्याने वाहतूककोंडी नित्याची आहे. म्हणून हा टप्पा सकाळी लवकर, कारखान्यांच्या पाळ्या बदलण्यापूर्वी पार करणे श्रेयस्कर ठरते. जड वाहतूक टाळण्यासाठी देहूहून तळवडे, चिखली व मोशीमार्गे थेट आळंदी गाठता येते. या पर्यायी फेरीची लांबी पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते, परंतु तीत चाकणचा किल्ला वगळला जातो.

## हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या फेरीसाठी सर्वांत अनुकूल आहे. पावसाळ्यात परिसर हिरवागार असला तरी रस्ते निसरडे होतात व खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. पालखी प्रस्थानाच्या सुमारास देहू व आळंदीचे रस्ते वाहनांसाठी बंद ठेवले जातात. कार्तिक वद्य एकादशीची आळंदी यात्रा आणि फाल्गुन वद्य द्वितीयेची देहू येथील तुकाराम बीज या दिवशीही मोठी गर्दी असते. अलीकडे पंढरपूरला सायकलवरून जाण्याची 'सायकल वारी' रूढ होत असून तिच्या सरावासाठीही सायकलस्वार या परिसरातील रस्त्यांचा उपयोग करतात.