व्याजाला लगाम घालणारा सेनापती

गटाच्या बैठकीत व्याजाचा विषय निघाला की आवाज चढतातच. आज त्याच व्याजाची दोन हजार वर्षांपूर्वीची हकीकत सांगते. ती आहे रोमचा सेनापती लुकुलस याची.

आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागावर तेव्हा रोमचं राज्य होतं. त्या प्रांताला ‘आशिया’ म्हणत. तिथल्या लोकांनी पोंटसचा राजा मिथ्रिदातिस याला साथ दिली, म्हणून इ.स.पूर्व ८४च्या सुमारास रोमन सेनापती सुल्ला याने त्यांच्यावर २०,००० टॅलेंट दंड बसवला. टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो चांदी! एवढी रक्कम आणायची कुठून? लोक रोमन सावकारांच्या दारी गेले. मुद्दलाच्या दुप्पट फेडूनही, व्याजावर व्याज चढत कर्ज १,२०,००० टॅलेंटवर गेलं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की आईबापांवर पोटची मुलं-मुली विकायची वेळ आली.

लुकुलस इ.स.पूर्व ७४ मध्ये रोमचा कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी झाला. मिथ्रिदातिसशी लढायला तो आशियात आला. राजाला हरवल्यावर त्याने कर्जाकडे लक्ष दिलं आणि नियम घातले. व्याज महिन्याला शेकडा एक, त्याहून जास्त नाही. मुद्दलापेक्षा जास्त झालेलं व्याज रद्द. आपल्या जुन्या हिंदू कायद्यातला ‘दामदुपट’ हा नियमही असाच आहे. सावकाराने कर्जदाराच्या उत्पन्नातला चौथा हिस्साच घ्यायचा. आणि जो व्याज मुद्दलात मिळवेल, त्याचं सगळं येणं बुडालं! चार वर्षांच्या आत कर्जं फिटली, गहाण जमिनी मोकळ्या झाल्या.

पण सावकार गप्प बसले नाहीत. त्यांनी पैसे चारून रोममधले पुढारी त्याच्यावर उठवले. इ.स.पूर्व ६९ मध्ये त्याने आर्मेनियाच्या राजाची मोठी फौज हरवली, तरी त्याचे स्वतःचे सैनिक मात्र नाराज होते. तो त्यांच्याशी ताठ्याने वागे, त्यांची मनं जाणून घेत नसे. शेवटी त्यांनी पुढे जायला नकार दिला. इ.स.पूर्व ६६ मध्ये त्याचं पद पाँपेला मिळालं. लुकुलस घरी परतला, बागा आणि मेजवान्यांत रमला. पुढे लोकांना आठवल्या त्या त्याच्या मेजवान्याच; कर्जमुक्ती मागे पडली.

मैत्रिणींनो, यातून दोन गोष्टी घेऊ. चांगला निर्णयही सगळ्यांना सोबत घेऊनच टिकतो. आणि दुसरी जरा बोचेल. आपल्या बऱ्याच गटांत व्याज शेकडा दोन आहे, लुकुलसच्या दुप्पट. ते गटातच राहतं, हे खरं. पण जिचा हप्ता थकलाय, तिच्याकडून आपण आजवर किती व्याज घेतलं? पुढच्या बैठकीत वही उघडून बघा. मुद्दलाच्या वर गेलं असेल, तर त्यावर बोला.