जांघेतील हर्नियाची शस्त्रक्रिया

जांघेतील हर्नियाची (अंतर्गळाची) शस्त्रक्रिया म्हणजे जांघेजवळ पोटाच्या भिंतीत पडलेली दुर्बल जागा बुजवून ती भिंत बळकट करण्याची शस्त्रक्रिया होय. या जागेतून आतडे किंवा पोटातील चरबी बाहेर येते व फुगवटा दिसतो. खोकताना किंवा ओझे उचलताना तो वाढतो आणि आडवे झाल्यावर बहुधा आत जातो. पुरुषांमध्ये वृषणाच्या रक्तवाहिन्या व वीर्यवाहिनी येथूनच जात असल्याने हा विकार त्यांच्यात अधिक आढळतो.

शस्त्रक्रियेची आवश्यकता

प्रौढांमध्ये ही जागा औषधाने किंवा पट्टा बांधून बुजत नाही. फारसा त्रास नसलेल्या पुरुषांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबता येते. तथापि वेदना वाढल्याने त्यांपैकी अनेकांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते. फुगवटा कडक व दुखरा होऊन आत जाईनासा झाला आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. अशा वेळी तातडीने रुग्णालयात जाणे अत्यावश्यक असते.

पद्धती

इटलीतील एदुआर्दो बासिनी यांनी १८८७ मध्ये स्नायूंचे थर टाक्यांनी जोडण्याची पद्धत मांडली. मात्र टाक्यांवर ताण येऊन काही रुग्णांत हर्निया पुन्हा उद्भवत असे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील अर्व्हिंग लिक्टेनस्टाइन यांनी दुर्बल जागेवर कृत्रिम धाग्याची जाळी बसवून हा ताण टाळला. ही शस्त्रक्रिया केवळ जांघेचा भाग बधिर करूनही करता येते. दुर्बिणीच्या पद्धतीत लहान छिद्रांतून जाळी बसवतात. त्यासाठी सामान्यतः पूर्ण भूल द्यावी लागते, परंतु रुग्ण लवकर कामावर परततो.

स्वस्त जाळीचा प्रयोग

तयार जाळी महाग असल्याने धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले व आपले निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे युगांडामध्ये ३०२ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर हर्निया पुन्हा उद्भवण्याच्या प्रमाणात मच्छरदाणीची व महाग जाळी यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

शस्त्रक्रियेनंतर

बहुतेक रुग्ण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. जखमेत रक्त किंवा पाणी साचणे, जंतुसंसर्ग होणे व हर्निया पुन्हा उद्भवणे हे संभाव्य धोके आहेत. काहींना जांघेतील मज्जातंतूंना इजा झाल्याने दीर्घकाळ वेदना राहतात.