फळीच्या कडेचा इतिहास

मोटाररस्ते येईपर्यंत पेणचा माल अंतोरा बंदरातून जाई, आणि रोह्याचा कुंडलिकेच्या खाडीतून रेवदंड्याकडे जात असे. त्याच कुंडलिकेवर कोलाडच्या खळाळात आज प्लास्टिकच्या कयाक चालतात. लाकडी कयाकचं पाणी मात्र रोह्याच्या खालचं, भरती-ओहोटीचं. ती घरी बांधू पाहणारा आधी विचारतो, फळीच्या कडा कोरणारा राउटर कोणता घ्यावा? आणि उत्तर शोधतो मशीनच्या ताकदीत. माझ्या मते ते फळीच्या कडेत आहे, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जहाजबांधणीने ते केव्हाच देऊन ठेवलं आहे.

डच दर्यावर्दी स्टाव्होरिनस १७७० च्या दशकात सुरतेला आला होता. त्याच्या देशात फळ्यांच्या सपाट कडा एकमेकींना भिडवत. सुरतेचे कारागीर मात्र कडेला खाच पाडून फळ्या एकमेकींत बसवत. बसवलेल्या फळीच्या कडेला शेंदूर फासायचा, पुढची फळी तिच्यावर दाबायची, रंग उमटेल तेवढाच उंचवटा काढायचा, आणि सांधा पुरता बसेपर्यंत हेच करत राहायचं. मग सरस, कापसाचा पातळ थर आणि खुंट्या. हा सरस पुढे लोखंडासारखा कठीण होई आणि सांधा जेमतेम दिसे, असं तो सांगतो. केवढी ही चिकाटी! हा पुरावा सुरतेचा आहे, पेण-रोह्याचा नव्हे, ही हरकत रास्त आहे. इथल्या प्रत्येक मचव्याचा सांधा असाच होता, असं त्यावरून म्हणता येणार नाही. पण १७३६ मध्ये मुंबईच्या गोदीसाठी आलेले लवजी नसरवानजी वाडिया सुरतेचेच होते, आणि पेणची धरमतर खाडी मुंबईच्याच बंदरात उतरते. ही विद्या इथून फार लांब नव्हती.

कयाकची पट्टी जेमतेम ६ मिलिमीटर जाड असते. तिची एक कड गोल, दुसरी खोलगट, म्हणजे एकीची गोल कड दुसरीच्या खोलगट कडेत बसते. एवढ्या कापाला मोठा राउटर लागत नाही. टेबलाखाली उलटा बसवलेला छोटा ट्रिमर पुरतो, मात्र लांब सरळ आडपट्टी आणि वरून-बाजूने दाब हवाच. पट्टी सागाची असेल तर धार लवकर जाते, म्हणून बिट कार्बाइडचं. पाव इंची चकमध्ये ६ मिलिमीटरचं बिट लावू नये, ते निसटतं. गोल कड आधी काढावी, कारण खोलगट कडेचे पातळ ओठ चटकन तुटतात. कोणी म्हणेल, इपॉक्सी आणि काचकापड असताना सांध्याचा एवढा आग्रह कशाला? ताकद त्या थरांतून येते हे खरं. पण लोखंडासारखा सरस हाताशी असूनही सुरतेच्या कारागिरांनी शेंदूर सोडला नाही. फटीत भरलेलं रेझिन आत ओघळतं आणि घासताना लाकडापेक्षा कठीण लागतं. मग शेजारचं लाकूड जास्त झिजतं, आणि ६ मिलिमीटरमध्ये झिजायला फारसं काही नसतं.