पालखीखालचे खांदे

हातखंबा तिठ्यावरून कोल्हापूरकडे निघालं की पाली, नाणीज, साखरपा मागे टाकत रस्ता आंबा घाट चढतो. वर आंबा गावातून विशाळगडाला फाटा जातो. इतिहासातली एक मोठी पायपीट या गडावर येऊन संपली. आज तिच्याविषयी बोलू. पण लढाईपेक्षा ओझ्याकडे जास्त बघू.

१६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. चार महिने झाले तरी तो उठेना. तेव्हा जुलैतल्या एका रात्री, भर पावसात, शिवाजी महाराज सुमारे सहाशे निवडक माणसं घेऊन गडाबाहेर पडले. बरोबर दोन पालख्या होत्या. एकीत महाराजांचा वेश केलेले शिवा काशीद होते. ते शत्रूच्या हाती लागले आणि त्यांनी प्राण दिले. महाराजांची पालखी विशाळगडाची वाट तुडवत राहिली. ही वाट साठेक किलोमीटरची. मागून पाठलाग आला, तेव्हा बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळ्यांनी घोडखिंड अडवून धरली. तीच आजची पावनखिंड.

बाजीप्रभूंचं नाव पोराटोरांना ठाऊक आहे. पालखी वाहणाऱ्यांची नावं मात्र कुणाला पाठ नाहीत.

त्यांच्या अंगावर काय आलं असेल, हे लावणीच्या चिखलात राबणाऱ्या बाईला सांगायला नको. भिजलेली घोंगडी जड होते. चढावर मांड्या भरून येतात, उतारावर सगळा भार गुडघ्यांवर पडतो. पावसातही घाम जातो, पण तहान लवकर कळत नाही. पालखीचा दांडा एकाच खांद्यात रुततो. म्हणून पालखीला खांदेकरी जास्तीचे ठेवतात. दमलेला बाजूला होतो, ताजा खांदा देतो आणि पालखी चालत राहते.

लांब चालीच्या सैनिकावर त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त ओझं असू नये, असा एक जुना लष्करी ठोकताळा आहे. युद्धात तो नेहमी पाळला जात नाही. मग त्याची किंमत कंबर, गुडघे आणि पावलं मोजतात.

आता आपला हिशेब करू. बाईचं वजन ४५ किलो असेल, तर तिसरा हिस्सा १५ किलो. पंधरा लिटरच्या हंड्यात नुसतं पाणीच १५ किलो भरतं. भांड्याचं वजन वेगळं, कडेवरची कळशी वेगळी. सैनिक निदान तरुण, धडधाकट बघून भरती करतात. आपल्याकडे अंगावर पिणारं मूल असलेली बाईसुद्धा हंडा उचलते, आणि तिची खांदेपालट करायला कुणी येत नाही.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीला वजनकाटा आणा. हंडा, मोळी, गवताचा भारा, सगळं एकदा तोलून वहीत लिहा. मग ती वही घरातल्या पुरुषांना दाखवा आणि ग्रामसभेत नळाच्या पाण्याचा विषय निघेल तेव्हा वाचून दाखवा.