तारांचा गुंता आणि नोंदवही

जुन्या कचेरीच्या तळमजल्यावर, बहुधा जिन्याखाली किंवा अभिलेखागाराला लागून, एक अरुंद खोली असते. तिच्या दाराला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे दर वेळी विचारावे लागते. आत भिंतीशी एक लोखंडी चौकट उभी असते व तिच्यावर टेलिफोनच्या तारांचा असा पसारा माजलेला असतो की, सुगरणीच्या घरट्यात याहून अधिक योजना दिसावी. नव्याने रुजू झालेला अधिकारी तो पाहतो आणि सारे काढून नीट करण्यास फर्मावितो. तेव्हा जुना तंत्रज्ञ नम्रपणे म्हणतो, ''काढू की, साहेब. पण यातली कोणती तार बोलती आणि कोणती मुकी, हे सांगणार कोण?'' विषय तिथेच थांबतो आणि दाराला पुन्हा कुलूप लागते.

मौज अशी की, ही चौकट गुंता टाळण्यासाठीच जन्मास आली होती.

१८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनचे पेटंट घेतले, त्या वेळी तारेची विद्या तारायंत्राकडून उसनी आणलेली होती. खांबावरून एकच तार न्यावयाची आणि परतीचा मार्ग जमिनीवर सोपवावयाचा, ही तारायंत्राची रीत. 'कट्ट-कड' एवढाच ज्याचा शब्दसंग्रह, त्याला मधली खरखर बाधत नसे. पण मनुष्याचा आवाज नाजूक. शेजारच्या तारेवरील बोलणे या तारेत उतरू लागले आणि पुढे विजेच्या ट्रामगाड्या सुरू झाल्यावर तर जमिनीतून येणाऱ्या गुणगुणीने बोलणे अशक्य झाले. यावरचा उपाय बेल यांनीच १८८१ च्या पेटंटात मांडला होता. परतीसाठी दुसरी तार घ्यावी आणि दोन्ही तारांना वेणीसारखा पीळ द्यावा. बाहेरचा उपद्रव मग दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि ग्राहकाच्या कानाशी येताना परस्परांना छेदून नाहीसा होतो. टेलिफोनच्या जगात तेव्हापासून 'तार' मोजली जात नाही, 'जोडी' मोजली जाते.

परंतु तारा दुप्पट झाल्या आणि शहरांचे आकाश भरून गेले. स्टॉकहोममध्ये १८८७ साली एका इमारतीच्या माथ्यावर टेलिफोनचा लोखंडी मनोरा उभा राहिला. सुमारे पाच हजार तारा चहूबाजूंनी त्याच्याकडे धावत. न्यूयॉर्कमध्ये मार्च १८८८ च्या हिमवादळात खांब आणि तारा रस्त्यांवर कोसळल्या आणि मग तारा भूमिगत करण्याची निकड सर्वांना पटली. कागदात गुंडाळलेल्या शेकडो जोड्या शिशाच्या नळीत भरून जमिनीखालून नेण्यात येऊ लागल्या. रस्त्यावरचा गुंता दिसेनासा झाला, म्हणजे तो केंद्राच्या तळघरात जाऊन बसला.

भारतात २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्त्याच्या कौन्सिल हाउस स्ट्रीटवर टेलिफोन केंद्र उघडले, तेव्हा त्याचे ग्राहक अवघे ९३ होते. मुंबईचे केंद्रही त्याच वर्षीचे. एवढ्या ग्राहकांची माहिती एखाद्या हुशार कर्मचाऱ्याच्या डोक्यात सहज मावावी. परंतु डोक्यात मावते म्हणून ते तिथेच राहू द्यावे काय, हा प्रश्न त्याआधीच अमेरिकेतील लोवेल गावी एका वैद्याला पडला होता. १८७९ साली तिथे गोवराची साथ आली. त्या काळी ग्राहकाला क्रमांक नसे. नाव सांगावे आणि केंद्रावरील माणसाने स्मरणाने तार जोडावी. हे चौघे-पाच जण एकदमच आजारी पडले तर गाव मुके होईल, हे डॉ. मोझेस ग्रीली पार्कर यांच्या ध्यानी आले आणि प्रत्येक ग्राहकाला क्रमांक द्यावा, म्हणजे बदली माणूसही काम करू शकेल, असे त्यांनी सुचविले. नावाऐवजी आकड्याने ओळखले जाणे ग्राहकांना अपमानास्पद वाटेल, अशी व्यवस्थापकांना धास्ती होती. ग्राहकांनी ते निमूटपणे स्वीकारले. आज ज्याला टेलिफोन क्रमांक म्हणतात, तो असा गोवराच्या भीतीतून जन्मला.

चौकटीचे तत्त्व याच विचाराची पुढची पायरी होय. तिच्या एका बाजूला बाहेरून आलेल्या जोड्या कायमच्या बांधलेल्या असतात. दुसऱ्या बाजूला केंद्रातील क्रमांक, तेही कायमचे. या दोन स्थिर गोष्टींमध्ये एक हलकी, बदलता येण्याजोगी तार असते. तिला लाइनमन 'जंपर' म्हणतात. साहेबांची खोली दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर गेली, तर भिंतीतील एकही तार हलवावी लागत नाही. जंपर बदलला की क्रमांक साहेबांमागे चालत जातो. केवढी सोय! आणि सारी अव्यवस्थाही याच सोयीतून शिरते. नवा जंपर घालण्याची घाई सर्वांना असते. जुना काढण्याची कोणालाच नसते. शिवाय तो ओढून काढावा, तर घर्षणाने शेजारच्या जिवंत तारेचे वेष्टन सोलले जाण्याचे भय. म्हणून तो तसाच राहतो, त्यावर दुसरा येतो, त्यावर तिसरा.

जुन्या कारागिरांनी या मोहाविरुद्ध दोन बंधने घालून घेतली होती. पहिले मेण लावलेल्या सुताचे. तारांची जुडी सरळ धरावयाची आणि ठरावीक अंतरावर सुताची गाठ मारीत जावयाचे. ज्या जोडीचे स्थान आले, तेवढीच जुडीतून बाहेर काढावयाची. पेशवे दफ्तरातील कागद रुमालात बांधणाऱ्या कारकुनाला हे काम पाहून परकेपणा वाटला नसता. १९५८ साली विमानांतील तारांसाठी प्लॅस्टिकची दातेरी पट्टी निघाली आणि हळूहळू सुताची विद्या लोपली. पट्टी झटपट बसते हे खरे. पण सुताची गाठ तारेला कधी चावत नसे.

दुसरे बंधन रंगांचे. कागदी वेष्टनाच्या केबलीत जोड्या एकमेकींसारख्याच दिसत. पलीकडच्या टोकाहून एकाने प्रवाह सोडावा आणि अलीकडे दुसऱ्याने शोधीत बसावे. विसाव्या शतकाच्या मध्यास प्लॅस्टिकचे वेष्टन आले आणि रंगांनी मोजणी शक्य झाली. जोडीतील एका तारेला पांढरा, तांबडा, काळा, पिवळा, जांभळा यांपैकी एक रंग. दुसरीला निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी यांपैकी एक. पाच पंचे पंचवीस. पांढरी-निळी ही पहिली जोडी, जांभळी-राखाडी ही पंचविसावी. मधली कितवी, हे पाढे येणारा मुलगाही सांगेल. मात्र चाळीस वर्षांच्या धुळीनंतर तांबडा आणि तपकिरी यांत भेद करणे मोठ्या माणसालाही जमत नाही.

आता त्या कुलूपबंद खोलीकडे वळावे. ती नीट करावयाची, तर आरंभ कात्रीने नव्हे, कागदाने करावा लागतो. प्रत्येक मेजावरील यंत्राच्या टोकाशी एक बारीक स्वर सोडायचा, चौकटीवर तो कोणत्या जोडीत ऐकू येतो ते पाहायचे आणि लिहायचे. जिवंत जोडीवर केंद्राकडून सुमारे ४८ व्होल्ट दाब असतो, त्यावरूनही पुष्कळ कळते. सगळे मात्र कळत नाही. आगीच्या सूचनेची एखादी स्वतंत्र जोडी अशी असू शकते की, तिच्यावर केंद्राचा दाब नाही, यंत्र नाही, आवाज नाही. वर्षानुवर्षे मुकी असलेली ती जोडी एकाच दिवसासाठी तिथे आहे, आणि तो दिवस अजून उगवलेला नाही. उत्साहाने कापल्या जाणाऱ्या तारांत अशी एखादी निघाली, तर ती चूक त्या दिवसापर्यंत कोणाला कळतही नाही. म्हणून शहाणे लोक संशयित जंपरला चिठ्ठी लावतात, काही आठवडे वाट पाहतात, सर्व विभागांना विचारतात. मग दोन्ही टोके तोडतात आणि मधली तार ओढीत नाहीत, तुकडे करून उचलतात. नोंदवहीत त्या ओळीवर रेघ आणि तारीख पडली, म्हणजेच काम संपले असे धरतात.

अनेक कचेऱ्यांतून टेलिफोनची चौकट आता निवृत्त झाली आहे. तिच्या शेजारच्या कपाटात संगणकांच्या केबली आल्या आहेत. त्यांच्या पोटात पीळ दिलेल्या चार जोड्या असतात आणि त्यांचे रंग क्रमाने निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असेच आहेत. कपाटाच्या पुढच्या बाजूस एका खाचेतून दुसऱ्या खाचेत जाणाऱ्या आखूड दोऱ्या लोंबत असतात. खोली बदलली की तेवढ्याच बदलावयाच्या. दोन-तीन वर्षांच्या कपाटातही त्या एकमेकींत अडकलेल्या दिसतात, आणि पुष्कळ दोऱ्यांच्या टोकांना चिठ्ठी नसते.