नाव आणि रक्षण : दिंडोरी परिसरातील बेडूक व सरपटणारे प्राणी

दिंडोरी तालुक्याच्या उत्तरेस सातमाळेच्या डोंगररांगेत अहिवंत नावाचा किल्ला आहे. १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजीमहाराजांनी दाऊदखानाच्या मोगल सैन्याचा वणी-दिंडोरीजवळ पराभव केला. त्या लढाईमुळे हा प्रदेश इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र किल्ल्याच्या नावाकडे जाते. 'अहि' म्हणजे सर्प, आणि 'वंत' हा मत्वर्थीय प्रत्यय. अर्थ सरळ दिसतो. स्थलनामांच्या बाबतीत इतकी सरळ व्युत्पत्ती पुष्कळदा फसवी असते, म्हणून ती आधारभूत मानण्याचे कारण नाही. तथापि या प्रदेशातील माणसाने आपल्या शेजारच्या प्राण्यांना कोणती नावे दिली आणि त्या नावांचा त्यांच्या रक्षणाशी किंवा नाशाशी काय संबंध आला, हा प्रश्न त्यामुळे समोर येतो.

मराठीत सापांची नावे विपुल आहेत : नाग, घोणस, मण्यार, फुरसे, धामण, दिवड, नानेटी, कवड्या, हरणटोळ, मांडूळ. पाल, सरडा, सापसुरळी व घोरपड हे भेदही नेमके आहेत. याउलट पावसाळ्यात शेतोशेती ओरडणाऱ्या कितीतरी जातींच्या प्राण्यांना सामान्य बोलण्यात 'बेडूक' हा एकच शब्द पुरतो. त्याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. ज्या प्राण्याचे भय वाटते किंवा ज्याची पूजा होते, त्याच्या जाती भाषा वेगळ्या ओळखते. बेडकाचे भय नाही आणि त्याला सणही नाही. 'कूपमंडूक' म्हणून हिणविण्यापुरताच तो वाङ्मयात आला.

नाव असले म्हणजे रक्षण होतेच असे नाही. मांडुळाचे शेपूट तोंडासारखे बोथट असते, म्हणून त्यास 'दुतोंड्या' म्हणतात. पॅट्रिक रसेल याने १८०१ मध्ये या सापाचे शास्त्रीय वर्णन केले, ते तरंगंबाडीचे मिशनरी जॉन यांच्या नावाने. शास्त्राच्या दृष्टीने तो उंदीर खाणारा, बिनविषारी, मऊ मातीत दडून राहणारा साप आहे. लोकभाषेतील दुसऱ्या तोंडाभोवती मात्र गुप्तधनाच्या व दैवी औषधाच्या कल्पना जमल्या आणि अलीकडच्या दशकांत महाराष्ट्रात त्याची चोरटी विक्री वाढली. धामणीवर गाईम्हशींचे दूध पिण्याचा आळ आहे. वस्तुतः उंदरांचा नाश करणारा तिच्याइतका उपयुक्त साप शेतकऱ्यास दुसरा क्वचितच मिळेल. इंग्रजी अमदानीत तर साप मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळत असे. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर लावलेली अशी बक्षिसे प्रसिद्ध आहेत. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने या प्राण्यांकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहण्यास आरंभ केला, तरी कायद्याची दृष्टी बदलण्यास आणखी जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

ती बदलली वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याने. हा कायदा अनुसूचींच्या रूपाने चालतो, म्हणजे तो मुळात नावांचा कायदा आहे. घोरपड व अजगर यांना पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. बेडकाची कथा अधिक विलक्षण आहे. स्वातंत्र्योत्तर काळात भारतातून बेडकांच्या तंगड्या गोठवून युरोप-अमेरिकेस पाठविण्याचा मोठा व्यापार उभा राहिला. त्यासाठी मुख्यतः मोठा भारतीय बेडूक पकडला जाई. पहिल्या पावसात नर पिवळे धमक होऊन उथळ पाण्यात जमतात व ओरडतात. नेमक्या त्या प्रजननकाळात, रात्री दिव्याच्या उजेडात त्यांना पकडणे सर्वांत सोपे. अंडी घालण्यापूर्वीच मादी गेली म्हणजे पुढचे वर्षही गेले. भातशेतीतील कीटक खाणारा प्राणी विकून कीटकनाशके विकत घ्यावयाची, असा हा व्यवहार होता. १९८५ मध्ये ही जाती आंतरराष्ट्रीय व्यापारनियमनाच्या दुसऱ्या परिशिष्टात आली व १९८७ मध्ये भारताने निर्यात बंद केली.

कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत बेडकांचा समावेश झाला, तो 'राना' या प्रजातिनामाखाली. लॅटिन भाषेत 'राना' म्हणजे बेडूकच. अर्थात मराठीप्रमाणेच तेथेही एक शब्द सर्वांसाठी वापरला गेला. पुढे वर्गीकरणकारांनी ही विस्तीर्ण प्रजाती फोडली. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप झाला, तो 'राना टायग्रिना' हा बेडूकही 'होप्लोबॅट्राकस टायग्रिनस' झाला. प्राणी डबक्यातच राहिला, नाव मात्र अनुसूचीतून निसटले! २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी केली. ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. नावावर आधारलेल्या रक्षणाचा हा दोष नामशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. अनुसूचीत प्राणी येतो, त्याचे डबके येत नाही. दिंडोरीचा पश्चिम भाग भात-नागलीचा आणि अधिक पावसाचा, पूर्व भाग काळ्या जमिनीचा. कादवा व तिच्या उपनद्यांवर वाघाड, करंजवण, पालखेड, ओझरखेड ही धरणे झाली, कालवे आले आणि जिरायत शिवारात द्राक्षमळे उभे राहिले. या पाण्याने तालुक्याला समृद्धी दिली, हे नाकारता येणार नाही. परंतु पाणी वाढले म्हणजे बेडूक वाढले, असा हिशेब येथे चालत नाही. पुष्कळ बेडकांना बारमाही पाणी नको असते; त्यांना पावसाने भरणारे व पुढे आटणारे पाणी लागते, कारण त्यात अंडी व पिले खाणारे मासे नसतात. बांध सपाट झाले, ओहळ बुजले, की हे पाणी जाते. प्लॅस्टिकचे अस्तर लावलेले शेततळे त्याची जागा घेऊ शकत नाही. गुळगुळीत काठावरून अनेक प्राण्यांना वर चढता येत नाही. फवारणीची औषधे बेडकाच्या ओलसर, पातळ त्वचेतून सहज आत जातात, हे निराळेच. बेडूक घटले की त्यावर जगणारी दिवडही घटते.

कादवा पुढे नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरीस मिळते. या पाणथळ क्षेत्रास २०२० मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले, महाराष्ट्रात सर्वप्रथम. त्याची कीर्ती पक्ष्यांमुळे आहे. गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यांत आढळणारे, लीथ याच्या नावाने ओळखले जाणारे मऊ पाठीचे कासव अतिसंकटग्रस्त गणले जाते. २०२२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय व्यापारनियमनाच्या पहिल्या परिशिष्टात आले. 'कासव' हा शब्द 'कश्यप' या ऋषिनामाशी एकरूप असलेल्या शब्दातून आला आहे. त्या पूज्यतेचा मासेमारीच्या जाळ्यात फारसा उपयोग होत नाही.

नावाचा प्रवास क्वचित उलट दिशेनेही होतो. २०१६ मध्ये संशोधकांनी गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांची एक नवी प्रजाती स्थापिली व तिला 'सारडा' हे नाव मराठीतून दिले. संस्कृत 'सरट' मराठीत 'सरडा' झाला, तो आता लॅटिन लिपीत जगभर गेला. यांपैकी 'सारडा सुपर्बा' ही जाती साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावरून वर्णिली गेली. त्या पठारावर पवनचक्क्या आहेत. २०१८ च्या संशोधनात असे आढळले की पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी व सरडे अधिक होते. भीती कमी झाल्याने त्यांचे वागणेही बदलले होते. म्हणजे अधिवास बदलला की प्राणी घटतोच असे नाही. तो वाढतो, पण त्याच्याभोवतीची सारी घडी विस्कटलेली असते. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण रचणाऱ्याच्या काळी कुंपण निदान एका जागी उभे असे.