अँटवर्पच्या धक्क्यावरचा कारकून

गावगाड्यात जागल्या नावाचा एक माणूस असे. गाव निजले की त्याने जागायचे, चोराचिलटाची चाहूल लागली की ओरडायचे, आणि त्याबद्दल गावाने त्याच्या पोटापाण्याचे पाहायचे, असा रिवाज होता. अलीकडे हा जुना शब्द वृत्तपत्रांनी नव्या अर्थाने रूढ केला आहे. कचेरीतला किंवा कारखान्यातला गैरव्यवहार जो आतलाच माणूस उघड करतो, त्याला आता जागल्या म्हणतात. शब्द छान आहे. फरक इतकाच की गावच्या जागल्याला ओरडण्यासाठीच नेमलेले असे. कचेरीतल्या जागल्याला नेमलेले असते हिशेब लिहिण्यासाठी, आणि तो ओरडला की पहिली झोपमोड त्याच्या धन्याचीच होते.

अशा एका हिशेबनीसाची ही हकिकत आहे. गोदीत किंवा जहाज कंपनीत कारकुनी करून संसार ओढलेली माणसे आपल्यातही पुष्कळ झाली; त्यांच्या घरच्यांना ती परकी वाटू नये.

एडमंड मोरेल याचा जन्म 1873 साली पॅरिसमध्ये झाला. वडील फ्रेंच, आई इंग्रज. वडील लवकर वारले. विशीच्या आतच तो लिव्हरपूलच्या एल्डर डेम्पस्टर या जहाज कंपनीत कारकून म्हणून लागला. अँटवर्प बंदर आणि काँगो यांच्यामधील मालवाहतूक या कंपनीकडे होती. मोरेलला फ्रेंच उत्तम येत असल्यामुळे कंपनी त्याला वरचेवर अँटवर्पला पाठवू लागली.

काँगो त्या काळी कोणत्याही देशाची वसाहत नव्हता. 1885 पासून तो बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जणू खासगी मालमत्ता होता. गुलामांचा व्यापार मोडून काढणे, रानटी समजल्या गेलेल्या लोकांना सुधारणे, ख्रिस्ती धर्माचा प्रकाश तेथे नेणे, हे आपले हेतू असल्याचे राजा जगाला सांगत असे. मोरेलचाही त्यावर विश्वास होता. आफ्रिकेच्या व्यापाराची भलामण करणारे लेख तो वृत्तपत्रांत लिहीत असे. बंडखोराचा पिंड घेऊन तो धक्क्यावर उभा राहिला नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

धक्क्यावर त्याला दिसले ते असे. काँगोहून येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंत यांनी गच्च भरून येत. परत जाताना मात्र त्यांत व्यापाराचा माल फारसा नसे. बंदुका, काडतुसे आणि लष्करी अंमलदार हाच मुख्य भरणा. काँगोतील रहिवाशांना तर पैशाचा व्यवहारही करू दिला जात नव्हता. मग त्या रबराचा मोबदला त्यांना मिळत होता तरी कशाने? शिवाय कंपनीच्या वह्यांतील आकडे आणि काँगो सरकारने छापलेले आकडे जुळत नव्हते. जेवढा माल उतरत होता, तेवढा छापील तक्त्यांत नव्हता. या वह्या दुसऱ्या कारकुनांनीही चाळल्या असतील. मोरेलने त्यांतून निघणारा अर्थ टाळला नाही. लक्षावधी माणसांकडून बंदुकीच्या धाकाने फुकट राबवून घेतले जात होते. काँगोच्या भूमीवर त्याने कधीही पाऊल ठेवले नव्हते, पुढेही ठेवले नाही. जे कळले ते वजनाच्या पावत्यांवरून.

मग त्याने काय केले? कोणताही सरळ नोकर करील तेच. तो आपल्या वरिष्ठाकडे गेला. कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड जोन्स हे लिव्हरपुलातील वजनदार गृहस्थ, आणि त्याच शहरात काँगो सरकारचे मानद वकीलही तेच! तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्याचाच प्रतिनिधी ऐकायला बसलेला. जोन्स यांनी सांगितले की राजाने सुधारणांचे वचन दिले आहे, थोडा धीर धरावा. त्यानंतर कचेरीतील हवा बदलली. कालपर्यंत ज्याच्यावर मर्जी होती, त्याच्याशी वरिष्ठ थंडपणे वागू लागले. परदेशात बढतीची जागा देऊ केली गेली. ती नाकारल्यावर सल्लागार म्हणून घरबसल्या मानधन देण्याची तयारी दाखवली गेली. दोन्हींची किंमत एकच होती. 1901 साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, बायकोमुले पदरी असताना मोरेलने नोकरी सोडली आणि लेखणीवर पोट भरण्याचे ठरवले.

पुढचा वृत्तान्त इतिहासाच्या पुस्तकांत आहे. 1903 साली त्याने स्वतःचे वृत्तपत्र काढले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने काँगोविषयी ठराव केला, आणि वकील रॉजर केसमेंट यांनी अंतर्भागात फिरून अहवाल तयार केला. रबर कमी भरले म्हणून माणसे मारली जात, आणि काडतूस वाया गेले नाही याचा पुरावा म्हणून शिपाई मेलेल्यांचे, क्वचित जिवंतांचेही, हात तोडून आणत. 1904 साली केसमेंट यांच्या सहकार्याने मोरेलने काँगो सुधारणा संघ स्थापन केला.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते निराळेच. मोरेलचे नाव झाल्यावर काँगोत नोकरी करणारे लोक त्याला गुपचूप कागद पाठवू लागले. धन्यावरचा विश्वास उडालेली ही माणसे एका अनोळखी लेखकावर विश्वास टाकत होती. मोरेल त्यांची नावे जपत असे. पण लिव्हरपुलात बसून त्याला साऱ्यांनाच जपता येणार नव्हते.

हेझेकाया अँड्र्यू शानू हा त्यांपैकी एक. लागोसकडचा हा कृष्णवर्णीय गृहस्थ काँगो सरकारच्या नोकरीत होता. पुढे बोमा या राजधानीत त्याने दुकानदारी आणि छायाचित्रणाचा धंदा थाटला. गोऱ्या अंमलदारांत त्याची ऊठबस होती. एका खटल्याचे कागद त्याने मोरेलला मिळवून दिले. आणखी माहितीच्या शोधात त्याने बोमाच्या पोलीसप्रमुखावर भरवसा ठेवला आणि तेथे घात झाला. सरकारने त्याला तुरुंगात टाकले नाही. सरकारी नोकरांनी त्याच्या दुकानाची पायरी चढू नये, एवढाच हुकूम काढला. धंदा बसला. 1905 च्या जुलैमध्ये शानूने आत्महत्या केली. मोरेलचे चरित्र लिहिणारे त्याच्यासाठी एखादा परिच्छेद खर्च करतात.

आता आपल्याला बोचणारा भाग. काँगोतील अत्याचारांविषयी जे मिशनरी बोलले, ते बहुतेक प्रोटेस्टंट होते. कॅथलिक मिशनरी मुख्यतः बेल्जियन. राजाच्या आश्रयाने त्यांची केंद्रे उभी होती, आणि त्यांपैकी बहुतेक गप्प राहिले. अमेरिकेत बाल्टिमोरचे कार्डिनल गिबन्स यांनी 1904 साली उघडपणे राजाची बाजू घेतली. ही सारी प्रोटेस्टंट व्यापाऱ्यांची कारस्थाने आहेत, असे अनेक कॅथलिकांना प्रामाणिकपणे वाटत होते. आपल्या माणसाविरुद्ध परक्याने सांगितलेले खरे मानणे जड जाते.

तरी एक आवाज उठला. राजानेच नेमलेल्या चौकशी आयोगापुढे शेकडो साक्षी झाल्या. लोंतुलू नावाच्या एका गावप्रमुखाने मारल्या गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक, अशा 110 काटक्या आयोगापुढे मांडल्या. राजाच्या मर्जीतले न्यायाधीश हा अर्थ मान्य करणार नाहीत, असे त्यालाही वाटले असेल. पण आयोगाने 1905 च्या अहवालात अत्याचार घडल्याचे कबूल केले. तो अहवाल वाचून लूव्हेनचे येशूसंघीय प्राध्यापक फादर आर्थर व्हर्मीर्श यांनी 1906 साली काँगोच्या प्रश्नावर पुस्तक लिहिले आणि बेल्जियन कॅथलिकांना त्यांच्याच भाषेत जाब विचारला. परक्याचे न ऐकणाऱ्यांना आता घरच्याचे ऐकावे लागले.

15 नोव्हेंबर 1908 रोजी काँगो राजाच्या हातून बेल्जियम सरकारकडे गेला. जुलमाची सारी मुळे त्याने उपटली गेली नाहीत. वेठ पुढेही अनेक वर्षे चालू राहिली. हस्तांतरापूर्वी, ऑगस्टमध्ये, ब्रुसेल्सच्या राजवाड्यालगतच्या भट्ट्या आठ दिवस पेटत्या होत्या. त्यांत काँगो सरकारचे दप्तर जाळण्यात आले. मोरेलचे कागद मात्र राहिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या ग्रंथालयात ते कोणालाही मागून पाहता येतात.